मोटरसायकल चालवताना डोळ्यांतून पाणी येतं? गॉगल बदलण्याआधी वाऱ्याची वाट शोधा

गेली कित्येक वर्षं माझ्याकडे एकच तक्रार फिरून फिरून येते. बरोबर गाडी चालवणारे मित्र, त्यांची भावंडं, नुकतीच गाडी हातात आलेली मुलं-मुली, सगळ्यांचं म्हणणं तेच: "डोळ्यांतून सारखं पाणी येतं, उतरल्यावर डोळे लालभडक दिसतात. कोणता गॉगल घेऊ?" मी गॉगलचं नाव सांगत नाही, आधी हेल्मेट घेऊन यायला सांगतो. बहुतेक वेळा दोष काचेच्या रंगात नसतो. डोळ्यापर्यंत वारा पोहोचायची एखादी वाट उघडी राहिलेली असते. ती बुजली नाही तर महागातली काचही फुकट जाते, आणि बुजली तर पुष्कळदा जुन्याच सामानावर काम भागतं.

हे अंगावर काढू नका. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. डोळ्यात काही गेलं आणि दोनच सेकंद डोळे मिटले, तरी ३३ मीटर रस्ता तुम्ही न बघता पार केलेला असतो.

खाली 'व्हायजर' म्हणजे हेल्मेटची काच आणि 'काच' म्हणजे चष्म्याची किंवा गॉगलची काच, असं धरून चाला.

आधी लक्षणं

पुढच्या फेरीत काहीही बदलू नका, फक्त लक्ष ठेवा. त्रास केव्हा सुरू होतो आणि केव्हा थांबतो यावरूनच निम्मं उत्तर मिळतं.

- ठरावीक वेगाच्या वर गेलं की पाणी सुरू, वेग उतरला की बंद. वारा आत येतोय.
- एकाच डोळ्याला त्रास. त्या बाजूची फट, व्हायजरचा सैल झालेला सांधा किंवा चष्म्याची वाकलेली काडी बघा. पण घरी बसल्या बसल्याही तोच डोळा पाणावत असेल, तर गाडीशी त्याचा संबंध नाही. अश्रू नाकात वाहून नेणारी बारीक नळी तुंबलेली असू शकते आणि ते डॉक्टरांनीच बघायचं.
- सुरुवातीला डोळे कोरडे, रेती गेल्यासारखे, पापण्या जड. मग अचानक धार लागते. डोळा सुकतोय.
- घाम आला की चुरचुर, तीसुद्धा कपाळाच्या बाजूने. वारा निर्दोष आहे, हेल्मेटचं अस्तर तपासा.
- थांबल्यावर किंवा पावसात समोर पांढरं धुरकट. व्हायजरवर वाफ धरतेय.
- दिवसा ठीक, रात्री समोरच्या प्रत्येक दिव्याला किरणांच्या काड्या फुटलेल्या दिसतात. व्हायजरवर चरे आहेत, काच मळली आहे किंवा चष्म्याचा नंबर बदलला आहे.
- चालवताना एकदम काहीतरी टोचलं आणि आता पापणी उघडवत नाही. मधलं सगळं सोडून शेवटचा भाग वाचा.

पाणी येतंय म्हणजे डोळा सुकतोय

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो: वर तेलकट, मध्ये पाण्याचा, खाली चिकट. तेलकट थरामुळे पाणी उडून जात नाही. पापणी मिटली की हा थर पुन्हा सारखा पसरतो. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, पण एकाग्र होऊन बघताना हे प्रमाण बरंच घटतं. गाडी चालवताना तर नजर सतत रोखलेली असते. त्यात वाऱ्याचा झोत आला की थर जागोजागी फाटतो, बुबुळावरच्या नसा चाळवतात आणि डोळा बचावासाठी भराभर पाणी सोडतो. या पाण्यात तेलकट भाग कमी असल्याने ते टिकत नाही, नुसतं गालावर ओघळतं. म्हणून "पाणी येतंय, म्हणजे डोळ्यांत ओल भरपूर आहे" ही समजूत सोडून द्या.

सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात. तशा गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या असतील तर ते ध्यानात ठेवा, पण मनाने बंद करू नका. औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

*हात आणि अस्तर.* सगळ्यात सोपं म्हणून सगळ्यात आधी. हातमोज्यांना चेनचं वंगण, ब्रेकचं तेल, रस्त्याची धूळ लागलेली असते आणि थांबल्यावर आपण त्याच बोटांनी डोळा चोळतो. ही सवय मोडा. मग हेल्मेटचं अस्तर काढून बघा. महिनोन्‌महिने न धुतलेल्या अस्तरातला घाम आणि क्षार कपाळावरून डोळ्यांत उतरतात. त्याहून फसवा प्रकार म्हणजे धुतलेलं, पण साबण पुरता न निघालेलं अस्तर. घाम आला की तो साबण पुन्हा सुटतो. माझ्या एका सोबत्याने एकामागून एक दोन गॉगल बदलले. दोष निघाला कपड्यांच्या साबणात धुतलेल्या अस्तराचा. सौम्य शांपू वापरा, फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा आणि सावलीत वाळवा.

*व्हायजर एक खाच उघडा ठेवायची सवय.* वाफ धरू नये म्हणून पुष्कळ जण व्हायजर पहिल्या खाचेवर उघडा ठेवतात. हळू चालवताना ठीक आहे. वेग वाढला की हीच बारीक फट वाऱ्याचा जोरदार पट्टा तयार करते आणि तो थेट डोळ्यांच्या खालच्या कडेवर येतो. एक अख्खी फेरी व्हायजर पूर्ण बंद ठेवून करा. पाणी थांबलं तर मूळ प्रश्न वाफेचा होता हे कळलं, आणि त्याचं उत्तर पुढे आहे.

*पंख्यासमोरची तपासणी.* माझी सगळ्यात भरवशाची. टेबल फॅन पूर्ण वेगात लावा आणि समोर हातभर अंतरावर हेल्मेट घालून बसा, तोंडावर झोत येईल असं. चष्मा किंवा गॉगल घालत असाल तर तोही चढवा. त्याआधी स्वच्छ बोट पाण्यात बुडवून डोळ्यांभोवतीच्या त्वचेवर फिरवा: खालच्या पापणीखाली, बाहेरच्या कोपऱ्यावर, नाकाच्या कडेला. डोळ्यात पाणी घालायचं नाही. आता व्हायजर बंद करून दहा-पंधरा सेकंद स्वस्थ बसा. ओल्या त्वचेवरून वारा गेला की ती जागा गार पडते. जिथे गार लागतं तिथे वाऱ्याची वाट.

मग मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, हनुवटी किंचित उचला, मागे बघितल्यासारखं करा. सरळ बसल्यावर बंद असलेली वाट मान वळल्यावर उघडलेली मी कित्येकदा पाहिली आहे. गार कुठे लागतं ते महत्त्वाचं. खालच्या पापणीला लागलं तर हवा हनुवटीखालून चढतेय. बाहेरच्या कोपऱ्याला लागलं तर व्हायजरच्या सांध्याजवळून किंवा चष्म्याच्या काडीजवळून. नाकाच्या कडेला लागलं तर चष्मा खाली घसरलाय.

पंख्याचा वारा रस्त्यावरच्या वाऱ्यापेक्षा फारच मंद असतो. म्हणून इथे गार लागलं तर फट नक्की आहे. इथे काहीच जाणवलं नाही तर फट नाहीच असं मात्र ठरत नाही.

*कागदाची पट्टी.* वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. व्हायजरच्या कडेवर ठेवून व्हायजर बंद करा आणि पट्टी हळूच ओढा. वर मध्यभागी, मग दोन्ही कोपऱ्यांत, मग खाली. सगळीकडे सारखीच अडकायला हवी. एका बाजूला सहज निसटली तर तिथला रबर दबलाय, किंवा व्हायजर त्या बाजूने नीट बसलेला नाही. व्हायजर धुवायला काढला आणि परत लावताना एका बाजूची खिट्टी पुरती बसली नाही, हा एका डोळ्याच्या पाण्यामागचा नेहमीचा दोष. काढून पुन्हा बसवा, दोन्ही बाजूंनी 'खट्' ऐका. काही हेल्मेटांत सांध्याची पट्टी स्क्रू ढिला करून मागेपुढे सरकवता येते.

*चरे.* अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा आणि व्हायजर दिव्याच्या दिशेने तिरपा धरून बघा. दिवसा न दिसणारे बारीक चरे कोळ्याच्या जाळ्यासारखे उजळतात. रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश याच चऱ्यांवर विखुरतो. डोळ्यांसमोरच्या पट्ट्यात असं जाळं असेल तर पॉलिश करत बसू नका. वरचा कठीण थर निघून जातो आणि पुढे चरे आणखी लवकर पडतात. व्हायजर बदला.

चरे पडतात ते मुख्यतः कोरड्या पुसण्याने. धुळीचे कण कापडाखाली सापडतात आणि व्हायजर घासला जातो. किडे चिकटले असतील तर भिजलेलं मऊ कापड दहा मिनिटं व्हायजरवर पसरून ठेवा, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण. खिडकीच्या काचेचा अमोनियावाला फवारा, पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन यांतलं काहीही लावू नका. व्हायजर बहुधा पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकचा असतो आणि असल्या द्रव्यांनी त्यात आतून बारीक तडे जातात. दिसायला स्वच्छ, पण आघाताला कमकुवत.

*विंडस्क्रीन.* गाडीला पुढे विंडस्क्रीन असेल आणि हेल्मेटमध्ये सगळं ठीक निघालं असेल तर संशय त्याच्यावर. बुटक्या विंडस्क्रीनच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा घुसळत येऊन बरोबर हनुवटीवर आदळतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर मध्यम वेगात डोकं थोडं खाली घ्या, मग पाठ ताठ करून थोडं वर घ्या. दोन्हीपैकी एका स्थितीत आवाज आणि पाणी दोन्ही कमी झालं, तर विंडस्क्रीनची उंची किंवा कोन बदलून बघा. नजर मात्र पूर्ण वेळ रस्त्यावरच हवी.

वारा अडवला की वाफ धरते

फट सापडली की सगळे ती ठासून बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात, "आता समोरचं काही दिसतच नाही." हा पेच समजून घ्या, कारण लोक इथेच कंटाळून पुन्हा व्हायजर उघडा ठेवायला लागतात.

आपला श्वास बाहेर पडतो तेव्हा जवळपास शरीराइतका उबदार आणि ओलाव्याने भरलेला असतो. व्हायजरला बाहेरून गार वारा लागत असतो. गार पृष्ठभागावर ओली हवा टेकली की पाण्याचे सूक्ष्म थेंब धरतात. तेव्हा काम दोन भागांत करायचं: बाहेरचा वारा डोळ्यांकडे येऊ द्यायचा नाही आणि आपला श्वास व्हायजरकडे जाऊ द्यायचा नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम हेल्मेटला नाकावर बसणारी पट्टी आहे का ते बघा. ती श्वास खाली ढकलते. पुष्कळ जण ती टोचते म्हणून काढून टाकतात आणि विसरतात. ती परत लावा. मग हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा मिळतो तो बसवा. खालच्या पापणीला गार लागत असेल तर याच्याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय नाही. तो आणण्याआधी सुती रुमाल हनुवटीखाली सैलसर बांधून एक फेरी करून बघा. फरक पडला तरच पडदा घ्या. रुमालाची टोकं कपड्यांत घट्ट खोचा, फडफडती ठेवू नका. हेल्मेटच्या वरची झडप उघडी ठेवा, म्हणजे उबदार हवेला बाहेर पडायला जागा राहते.

एवढ्यावर भागलं नाही तर व्हायजरच्या आत बसणारा दुसरा पातळ थर येतो, पिनलॉक म्हणतात तो. दोन थरांमध्ये हवा अडकते, आतला पृष्ठभाग बाहेरच्याइतका गार पडत नाही आणि वाफ धरत नाही. हा थर सिलिकॉनच्या कडेवर टेकून बसतो. त्याच्या आणि व्हायजरच्या मध्येच वाफ दिसली तर ती कड कुठेतरी टेकलेली नाही असं समजा. दोन्ही बाजूंच्या पिना थोड्या फिरवल्या की तो ताणून बसतो. ओला असताना घासू नका, चटकन चरे पडतात. आपोआप वाळू द्या.

भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आतून लावून कोरड्या मऊ कापडाने पारदर्शक होईपर्यंत पुसण्याचा जुना उपाय खरोखर चालतो, पण एखाद-दोन दिवसच. पिनलॉकवर तो वापरू नका, आणि डोळ्यांची जळजळ हीच तक्रार असेल तर बिलकूल नको.

एक नियम सगळीकडे पाळा: एका वेळी एकच बदल, मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फेरी. तीन गोष्टी एकदम केल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हेल्मेटच मोठं असेल तर

गालाच्या गाद्या वापरून दबतात. हेल्मेट घालून, पट्टा लावून, ते दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे फिरवा. गालाची आणि कपाळाची त्वचा त्याच्याबरोबर ओढली जायला हवी. हेल्मेट नुसतं त्वचेवरून घसरलं तर ते सैल आहे. वेगात असं हेल्मेट वर उचललं जातं, खालून हवा घुसते आणि व्हायजर थरथरतो. फक्त गाद्या बदलून भागत असेल तर तेवढंच करा. कवच आदळलेलं असेल किंवा आतलं थर्माकोल दबलेलं असेल, तर डोळ्यांचा विचार बाजूला ठेवा आणि हेल्मेट बदला.

व्हायजर नसलेलं उघडं हेल्मेट वापरणाऱ्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे. साधा चष्मा म्हणजे डोळ्यांचं संरक्षण नव्हे. तो समोरून येणारा दगड कदाचित अडवेल, पण बाजूने आणि खालून वारा, धूळ, चिलटं मोकळी येतात. शक्य असेल तर व्हायजरवालं, हनुवटी झाकणारं हेल्मेट घ्या. ते जमत नसेल तर कडेने फोम असलेला, पट्ट्याने बसणारा गॉगल हवाच.

आता काच निवडा

फटी बुजवल्यावरही गॉगल किंवा चष्मा लागणार असेल, तर रंगाआधी काचेची ताकद बघा. काचेवर किंवा काडीवर बारीक अक्षरांत खूण असते. अमेरिकी मानकानुसार 'झेड ८७' ही मूळ खूण आणि पुढे अधिकचं चिन्ह असेल तर ती काच जोराच्या आघाताला तपासलेली असते. युरोपीय मानकात 'एफ' खुणेची काच सेकंदाला ४५ मीटर वेगाने येणाऱ्या ६ मिलिमीटरच्या पोलादी गोळीपुढे टिकलेली असते, आणि 'बी' खुणेची १२० मीटर वेगापुढे. ४५ मीटर म्हणजे ताशी १६२ किलोमीटर. पुढच्या चाकाखालून उडालेल्या खड्याचा विचार केला की या आकड्याचं मोल कळतं. फॅशनच्या गॉगलवर अशी खूण नसते, आणि ती प्लास्टिकची नसून खरी (खनिज) काच असेल तर ती फुटून तुकडे डोळ्यातच जाण्याची भीती. तशी काच गाडीवर वापरू नका.

आता रंग. इथे बहुतेकांची गल्लत होते ती गुणाकाराची. गॉगलच्या काचा किती प्रकाश आत सोडतात यावरून ० ते ४ असे वर्ग आहेत. वर्ग ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश सोडते, ती भर उन्हासाठी. वर्ग ४ ची फक्त ३ ते ८ टक्के सोडते आणि गाडी चालवताना ती मुळीच वापरायची नसते. आता समजा तुमचा गडद व्हायजर ५० टक्के प्रकाश सोडतो आणि आत १५ टक्के सोडणारा गॉगल आहे. दोन्ही मिळून डोळ्यांपर्यंत ७.५ टक्केच प्रकाश पोहोचतो. म्हणजे नकळत तुम्ही वर्ग ४ ची काच घालून चालवताय. भर उन्हात चालून जातं; झाडीच्या सावलीत किंवा बोगद्यात शिरलात की समोरचा खड्डा दिसत नाही. दोन्हीपैकी एकच गडद ठेवा. माझी पसंती पारदर्शक व्हायजर आणि आत गॉगल, कारण अंधारून आलं की गॉगल काढता येतो.

गडदपणा आणि अतिनील किरणांपासून बचाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पारदर्शक पॉलिकार्बोनेट बहुतांश अतिनील किरण अडवतं. उलट, नुसती रंगवलेली हलक्या दर्जाची काच बाहुली मोठी करते आणि किरण मात्र आत सोडते.

उन्हात आपोआप गडद होणारी काच घ्यायची असेल तर हे आधी ऐका: ती अतिनील किरणांनीच गडद होते, आणि व्हायजर तेच किरण अडवतो. त्यामुळे बंद व्हायजरच्या आत ती धड गडद होत नाही. पोलरॉइड काच चकाकी उत्तम कापते, पण ओल्या रस्त्यावरची चकाकी हीच कधी कधी आपल्याला घसरड्या जागेची सूचना देते. शिवाय गाडीचा किंवा फोनचा पडदा एखाद्या कोनातून काळा दिसतो, आणि व्हायजरमधून बघताना इंद्रधनुषी पट्टे उमटू शकतात. पैसे देण्याआधी स्वतःच्या व्हायजरमागे धरून बघा.

रात्रीसाठी पिवळी काच सर्रास सुचवली जाते. ती घातल्यावर समोरचं उजळ वाटतं हे खरं, पण प्रत्यक्षात ती प्रकाश कमीच करते. रात्री जो काही प्रकाश मिळतो तो सगळा लागतो. पारदर्शक, स्वच्छ, चरे नसलेलीच काच घाला. युरोपीय हेल्मेट-नियमात ८० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणाऱ्या व्हायजरवर 'फक्त दिवसा वापरा' अशी खूण असते. ती खूण असलेला व्हायजर सूर्य मावळला की बाजूला ठेवा.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी सरळ, पातळ काड्यांची चौकट निवडावी. जाड किंवा कानामागे फार वळलेली काडी गादीखाली चेपली जाते, चष्मा नाकावर तिरपा बसतो आणि तासाभरात कानशिलं ठणकतात. चौकट निवडताना हेल्मेट बरोबर न्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या बाबतीत वाऱ्याची प्रत्येक फट दुप्पट महत्त्वाची, कारण लेन्स सुकली की टोचते आणि धूळ तिच्याखाली अडकते. नेहमीचा चष्मा जवळ असल्याशिवाय लांब निघू नका.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

वरचं सगळं केल्यावर दोन आठवड्यांत फरक नसेल, तर प्रश्न हेल्मेटमध्ये नाही. कोरडेपणाचा आजार, पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबणं, अ‍ॅलर्जी, बदललेला नंबर, मोतीबिंदूची सुरुवात, यातलं काहीही असू शकतं आणि ते घरी कळत नाही. रात्री दिव्यांभोवती वलयं वाढत चालली असतील तर व्हायजरमागे व्हायजर बदलत बसू नका.

डोळ्यात काही गेलं तर क्रम असा. गाडी सुरक्षित जागी थांबवा. चोळू नका. हात धुवा, लेन्स असेल तर काढा, आणि स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडत पापण्या मिटा-उघडा. सैल धूळ किंवा चिलट एवढ्याने निघून जातं. निघाल्यावरही काही वेळ टोचतं, कारण ओरखडा उमटलेला असतो. टोचणं वाढत गेलं किंवा दुसऱ्या दिवशीही राहिलं तर दाखवून घ्या. बुबुळात रुतलेला कण चिमटा, काडी, रुमालाचं टोक यांनी काढायचा प्रयत्न करू नका. लोखंडाचा कण असेल तर त्याभोवती गंजाचं वलय धरतं आणि ते डॉक्टरांनाच काढावं लागतं.

पुढच्यापैकी काही झालं तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर: नजर अंधुक होणं, उजेड सहन न होणं, बुबुळावर पांढरा डाग दिसणं, लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणं, अचानक चमका आणि काळे ठिपके दिसून बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं, किंवा डोळादुखीबरोबर डोकेदुखी आणि उलटी. डोळ्यात काही घुसलं असेल तर ते ओढू नका, डोळा दाबू नका, धुऊही नका. दाब पडणार नाही असं वरून झाकून थेट रुग्णालय गाठा. बॅटरीचं आम्ल किंवा पेट्रोल उडालं तर उलट, त्या क्षणापासून भरपूर पाण्याने निदान १५-२० मिनिटं धूत राहा आणि मग जा.

घरात पडलेले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली झटकन उतरते, पण संसर्ग आतून बळावू शकतो, आणि असे थेंब बराच काळ घातले तर डोळ्यातला दाब वाढतो. नुसती लाली घालवणारे थेंबही रोज वापरले तर सोडल्यावर डोळे आधीपेक्षा लाल होतात.

तपासायला जाताना चष्मा, गॉगल आणि लक्षणांची नोंद बरोबर न्या. कोणत्या वेगाला, किती वेळाने, कोणता डोळा, हे सांगितलंत तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. गाडी मात्र घरी ठेवा आणि कुणाला तरी सोबत घ्या. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांत घुसतं. तोवर हँडल हातात घ्यायचं नाही.